गळ्यातली चौकट

शेजारच्या सिपोरामावशींच्या दाराच्या चौकटीला बोटाएवढी चांदीची नळी ठोकलेली आहे. त्यांच्या ज्यू धर्मात तिला मेझुझा म्हणतात. आत प्रार्थनेची गुंडाळी असते. हे शब्द आपल्या दारावर लिहा, असं ती प्रार्थनाच सांगते. मावशी बाजारातून आल्या की पिशव्या सावरत नळीला बोटं लावतात, ती ओठांना टेकवतात आणि मगच चप्पल काढतात.

काल मी त्यांच्याबरोबर अलिबागच्या सोनाराकडे गेले. त्यांची नात शिकायला परदेशी निघालेली. तिच्यासाठी भुईमुगाच्या शेंगेएवढं, तसंच पोकळ लॉकेट करायला टाकलं होतं.

त्याच प्रार्थनेची चिठ्ठी आत सरकवत सोनार म्हणाला, "मावशी, हिच्यावर टोपण बसलं की वाचणार कोण?"

"वाचायला कशाला? पाठ आहे तिला. हात लावायला हवी रे. तिकडे भाड्याच्या खोलीत दाराला खिळा ठोकू देतील का?"

मला वाटलं, पाठ असलेलं तरी कुठे पुरतं आपल्याला? तोंडातून निघालेला शब्द हवेत विरतो. तो बोटांना लागावा, म्हणून कुणीतरी पहिल्यांदा त्याला चांदीचं अंग दिलं असेल.

आज सकाळी रिक्षा आली. मावशी नातीला सोडायला फाटकापर्यंत गेल्या. तिच्या गळ्यातल्या लॉकेटला त्यांनी बोटं लावली, ओठांना टेकवली.

आणि तिथेच, रस्त्यावर, सवयीनं पायातली चप्पल काढली.