टपावरून आलेली सायकल

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी तर नाहीच – तिच्याशी बोलता आलं असतं तर तुम्हाला कशाला बसवलं असतं? गोष्ट सायकलीची आहे. हसाल तुम्ही. हसा. मलाही अर्ध्या गोष्टीपर्यंत हसूच येतं.

मी तेव्हा पेणला शाळेत नवा मास्तर होतो. एका खोलीत एकटाच राहायचो. रेल्वे अजून रोह्यापर्यंत आली नव्हती. जायचं तर एसटीच्या लाल गाडीने, वडखळ, गडब, नागोठणं करत. रोह्याची एक मुलगी सांगून आली होती. मला वडील नव्हते, काका ऐन वेळी आजारी पडले, तेव्हा बघायला मी एकटाच निघालो. पण मुलीच्या दारात पायी कसं जायचं? माझ्याकडे बघण्यासारखी एकच वस्तू होती – नवी हिरवी सायकल, डायनामोचा दिवा असलेली. ती मी मागच्या शिडीने टपावर चढवली, दोरीने बांधली, तिचं वेगळं तिकीट काढलं. बेत एवढाच, की रोह्याच्या स्टँडवर उतरायचं आणि घंटी वाजवत दारात जायचं. यात खोटं काही होतं का? नव्हतं. इथवर मी सज्जन माणूस होतो.

भिसे खिंड ओलांडली आणि गाडी बंद पडली. बाकीचे लोक झाडाखाली बसले. मला उशीर होत होता, मी सायकल उतरवली आणि निघालो. उन्हाळ्याचे दिवस. घरी पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला, तोंडावर धुळीचा थर. मुलीचे वडील दारातच उभे होते. अण्णा म्हणत त्यांना. त्यांना व्यायामाचं वेड – पहाटे सूर्यनमस्कार, संध्याकाळी कुंडलिकेच्या काठाने रपेट, आणि गाडीत बसून फिरणाऱ्या तरुणांबद्दल मत फार वाईट. त्यांनी मला बघितलं, सायकल बघितली आणि विचारलं,

"पेणपासून सायकलीवर?"

मी काही बोललो नाही. खरंच सांगतो, एक शब्दही नाही. फक्त मान हलली. नुसती मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं का? – या प्रश्नावर मी स्वतःशी पुष्कळ वर्षं वाद घातला आहे, आणि दर वेळी हरलो आहे.

अण्णांनी मला आत नेलं, शेजाऱ्यांना बोलावलं, माझ्या पोटऱ्या दाबून बघितल्या. मुलीने पोहे आणले तेव्हा तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बघायला गेलो होतो मी, आणि बघितलं गेलं ते मला. निघायच्या आत लग्न ठरलं.

आता पुढे काय करणार होतो? लग्नाला अवकाश होता आणि अण्णांनी दर रविवारी जेवायला बोलावलं – सायकलीवर, हे सांगायला नकोच. मग माझा क्रम ठरला. पेणला सायकल टपावर. खिंडीपलीकडे उतार लागला की गाडी थांबवायची, सायकल खाली, आणि शेवटचा टप्पा जीव खाऊन मारायचा, म्हणजे घाम खरा दिसतो. एका ओढ्यावर चपला ओल्या करून धुळीत मळवायचो. त्या गाडीचा कंडक्टर गडबकडचा होता. तो मला दर रविवारी खाली उतरवायचा आणि चेहरा सरळ ठेवून विचारायचा, "मास्तर, ही सायकल तुमाला नेते का तुमी हिला?"

रोह्यात मात्र मी फुलत गेलो. अण्णा विचारायचे, खिंडीचा चढ कसा चढता? मी सांगायचो – न उतरता. दमाने घ्यायचं, श्वास नाकाने. कितीशा वेळात येता? मी गाडीला लागायचा तेवढा वेळ सांगायचो, वर थोडी मिनिटं चढवून, उगाच अतिशयोक्ती नको म्हणून.

या सगळ्यात एक माणूस पिळून निघत होता, तो माझ्या लक्षात आला नाही. की आला होता? वसंता – माझ्या होणाऱ्या बायकोचा, सुमतीचा, थोरला भाऊ. जाडसर, अबोल, खाण्यावर प्रेम करणारा. अण्णा त्याला माझ्यासमोर ऐकवायचे: बघ, हे पेणहून येतात, तू बाजारात जायला टांगा शोधतोस. वसंता मान खाली घालून माझ्या पानात आणखी एक पोळी वाढायचा.

एक दिवस संध्याकाळी मी पेणला माझ्या खोलीच्या दारात उभा होतो आणि वसंता समोरून सायकलीवर आला. भाड्याची सायकल, वाकडंतिकडं चालणारी. तो उतरला नाही – उतरता येईना. मी त्याला दोन्ही हातांनी धरून खाली घेतलं, तर मांड्या मिटेनात. तसाच फेंगडा आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला, कारण बसवतही नव्हतं. पहाटे रोह्याहून निघाला होता. खिंडीचा सगळा चढ हातात सायकल धरून चालला होता. चेन दोनदा पडली होती, कपडे काळे झाले होते. मी त्याच्या पायांना तेल चोळलं. आणि तो हसत होता हो – सबंध चेहऱ्याने हसत होता. म्हणाला, "आता अण्णा मला काही बोलायचे नाहीत."

सकाळी त्याला उभंही राहता येईना. मीच त्याला स्टँडवर नेलं, गाडीत बसवलं, आणि सवयीच्या हाताने त्याची सायकल टपावर बांधली.

रोह्याच्या स्टँडवर ती टपावरून उतरताना अर्ध्या गावाने बघितली.

पुढच्या रविवारी मी पोचलो, घामाने निथळत, तेव्हा घरात सगळे बसलेले होते. अण्णांचा हिशेब साधा होता. जावईबापू येतात ते दोन-अडीच तासांत, याला म्हणे सबंध दिवस लागला. जावईबापू खिंड न उतरता चढतात, हा म्हणतो की ती चढताच येत नाही. आणि सायकल उतरली ती टपावरून. म्हणजे गेला तोही टपावरूनच. वसंता शांत होता. त्याच्याकडे साक्षीदार होता. माझ्याकडे वळून म्हणाला,

"भावजी, तुम्ही होता ना दारात? तुम्हीच उतरवून घेतलंत मला. सांगा ना यांना."

मी हो म्हटलं असतं तर अण्णांनी पुढचा प्रश्न विचारला असता. मग खिंड आली असती, तास आले असते. आणि मग? लग्न मोडलं नसतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. फार तर हसले असते. एवढंच. मला हसले असते.

मी म्हणालो, "मी घरी नव्हतो. आलो तेव्हा वसंतराव आत बसलेले होते."

बसलेले! ज्याला बसवत नव्हतं त्याच्याबद्दल मी हे बोललो. वसंताने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही – ऐकण्यात काही चूक झाली की काय, असं. मग उठून आत गेला. अण्णा म्हणाले, खोटं बोलायची गरज काय होती? सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. या कामात माझी मान तयार होती.

तेव्हापासून घरात त्याचं नाव पडलं, टपावरचा. भाचरं टपावरचे मामा म्हणायची. तो रागवायचा नाही. माझ्याशी नीट वागायचा, दिवाळीला मला पहिला पाट द्यायचा. त्या दिवसाबद्दल त्याने मला कधी विचारलं नाही, आणि अण्णा गेले तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. मी लग्नानंतर सायकल विकली. आता दोघांनी जायचं म्हणून गाडीनेच जाऊ लागलो, आणि अण्णांना ते पटलं.

गेल्या वर्षी वसंता गेला. तेराव्याला रोह्याला पंगत बसली होती. सुमती माझ्या शेजारी होती, खूप रडून शांत झालेली. पानाकडे बघत हळू म्हणाली,

"अहो, दादा आयुष्यात एकदाच खोटं बोलला. का बोलला असेल?"

मी म्हणालो, "वय असतं."

वाढपी समोर आला होता. मी त्याच्याकडून आमटी घेतली आणि भात कालवायला लागलो.