कडकताईची भाची

आमच्या इमारतीखालच्या लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईला सगळे कडकताई म्हणत. तिने लग्न केलं नाही. धाकट्या बहिणीला वाढवलं, उजवलं आणि त्यातच तिची चाळिशी उलटली.

बहिणीला मुलगी झाली आणि चारेक महिन्यांत बहिणीच्या गर्भाशयाच्या तोंडाशी कर्करोग निघाला. नवरा कामासाठी म्हणून परगावी गेला, तो तिकडचाच झाला. ताईने मायलेकींना आपल्या खोलीवर आणलं. बाळाला आईपासून लांब ठेवा, अशी शेजारणींची कुजबुज सुरू झाली.

"कॅन्सर म्हणजे काय सर्दी आहे, शिंकलं की लागायला?" ताई जिन्यातून ओरडली आणि सगळ्यांदेखत तिने पोरीला आईच्या मांडीवर ठेवलं.

पोर दीड वर्षाची झाली आणि खोकू लागली. खोकला हटेना, तेव्हा छातीचा फोटो काढला. दोन्ही फुफ्फुसांत गाठी होत्या. तपासणीत निघालं, की त्या गाठींतल्या पेशी मुलीच्या नाहीतच, आईच्या आहेत. डॉक्टरीणबाईंनी दोघी बहिणींना समजावलं: बाळंतपणात, बाळाने पहिला श्वास घेतला तेव्हा त्या आत गेल्या असाव्यात. असं फार क्वचित होतं. नंतर कुशीत घेतल्याने, पापे घेतल्याने काहीही झालेलं नाही.

त्या दिवसापासून आईने मुलीला जवळ घ्यायचं सोडलं. तिचे स्वतःचे थोडेच दिवस उरले होते. पोर खाटेशी उभी राहून "आई, घे" म्हणायची आणि ही भिंतीकडे तोंड फिरवायची.

"अगं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलंस ना?"

"आधीचे डॉक्टरही म्हणाले होते, बाळाला काही होत नाही."

"मग माझं ऐक."

"एकदा दिलं तेवढं पुरे, ताई."

कडकताई माझ्या स्वयंपाकघरात येऊन मटकन बसली. "काकू, आजवर मी कुणाच्या पाया पडले नाही. तिच्या पडले. ढिम्म हलत नाही हो! अशीच गेली तर पोरीला मी काय सांगू? तुमचं ती मोडत नाही, चला."

मी गेले. समजावलं. ती फक्त "हो काकू" म्हणत राहिली. शेवटी ताईचा संयम सुटला. तिने पोरीला उचलून खाटेवर ठेवलं. "घे, नाहीतर मी दोघींना टाकून चालले!"

आईने हात पसरला. पोर अंगठा चोखत तिच्या छातीला चिकटली. ताईने डोळे पुसले आणि मग ती खाटेशी वाकली. बहिणीने ओठ घट्ट मिटले होते. चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या.

"श्वास घे गं," ताई म्हणाली. "बाई, श्वास घे."

तिने मान हलवली आणि पोरीला ताईकडे सरकवलं.