राष्ट्रपतींच्या दारात आईच्या चपला

वडगावकरांनो, आज आईला घेऊन राष्ट्रपतींच्या घरी जाऊन आलो! खरंच! हैदराबादला त्यांचं सुट्टीत उतरायचं जुनं घर आहे, आता ते म्युझियमसारखं सगळ्यांना बघायला मिळतंय.

पायरीशी पोचलो आणि आईनं चपला काढल्या.

"आई, राहू दे की पायात. इथं चालतंय."

"लोकांच्या घरात चपला घालून जायचं व्हय रं? आणि ते बी राष्ट्रपतींच्या?"

दारावरचा गार्ड हसून हिंदीत म्हणाला, अम्मा, घालूनच जा. आई न्हाय म्हणजे न्हाय! खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी गपगुमान बूट काढले.

आत काय काय बघितलं म्हणून सांगू! स्वयंपाकघरातनं जेवणाच्या हॉलपर्यंत ताटं न्यायला जमिनीखालनं चक्क भुयार! आई त्यातनं अनवाणी अशी ऐटीत चालली, जशी हिलाच पंगतीला वाढायचंय.

भुयारातनं स्वयंपाकघराच्या टोकाला वर आलो, तर थेट घराच्या मागं. चपला राहिल्या पुढच्या दारात! फरशी ही तापलेली. आम्ही मायलेक उड्या मारत आख्ख्या घराला वळसा घालून आलो. मी तर लई वैतागलो होतो.

पुढं येऊन बघतो तर काय, आईच्या चपलांशेजारी चपलाबुटांची ही मोठी रांग! आमचं बघून मागनं आलेल्या सगळ्यांनी काढलेल्या. गार्डनं कपाळाला हात लावलेला.

आई पायात चपला सरकवत म्हणाली, "बघ, आता कसं घर वाटतंय."