चौथ्या सिलिंडरचा गॅप

इंजिन पहिल्या स्टार्टरला लागलं. बालाजीच्या तोंडावर हसू येतंय न येतंय तोच माझं तोंड कडू झालं. टिकटिक, टिकटिक. वरच्या बाजूने आवाज येत होता.

बालाजी सोनारीकडचा. दहाचाकी ट्रक त्याच्या वडिलांनी, दगडूअण्णांनी, उभा जन्म चालवलेला. आता अण्णांना नीट दिसत नाही म्हणून स्टिअरिंग बालाजीकडे. इंजिन बसलं, म्हणजे निकामी झालं, तेव्हा बालाजीचा विचार सरळ होता, गाडी भंगारात घालायची. अण्णा अडून बसले, भूमला मिस्त्रीकडे न्या म्हणाले. शेवटी ठरलं असं, की इंजिन खोलून नव्याने बांधून बघायचं. जमलं तर गाडी राहील, नाहीतर भंगारवाला दुसऱ्या दिवशी येणारच होता.

मी तो मिस्त्री. भूममध्ये माझं गॅरेज आहे. माझ्या हातचं इंजिन परत येत नाही. बढाई वाटत असेल तर स्टँडवर कुणालाही विचारा.

"मिस्त्री, ह्यो आवाज कशाचा?" बालाजीने विचारलं.

"टॅपेटचा. थांब जरा."

"आत्ता तर बांधलंय की इंजिन! आत्ताच वाजायलंय?"

अण्णा बाकावर बसले होते. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्याचं मला जास्त ओझं झालं.

वाचणाऱ्याला थोडं सांगतो. इंजिनच्या पोटात कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे असलेला दांडा, फिरतो. त्याच्या उंचवट्यावर लोखंडाची एक छोटी वाटी बसते, तिला टॅपेट म्हणतात. वाटीत एक उभी सळई असते, ती पुश रॉड. कॅमने वाटी उचलली की रॉड वर जाते, वरच्या रॉकरला, म्हणजे तराजूसारख्या हलणाऱ्या दांडीला, ढकलते आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. लोखंड तापलं की वाढतं, म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्हमध्ये बारीकशी फट ठेवावी लागते. तो गॅप. तो फीलर गेजने, म्हणजे पातळ पट्ट्यांनी मोजतात आणि रॉकरवरच्या स्क्रूने कमीजास्त करतात. गॅप वाढला की रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो आणि टिकटिक सुरू होते.

आधी एकेका सिलिंडरची डिझेलची पाइप ढिली करून पाहिली. पिस्टन किंवा बेअरिंग ठोकत असेल तर त्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर आवाज बदलतो. इथं बदलला नाही. म्हणजे खालचं काम चोख होतं. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक रॉकर कव्हरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. चौथ्या सिलिंडरपाशी आवाज सगळ्यात मोठा.

कव्हर काढलं. चौथ्याच्या एक्झॉस्ट, म्हणजे धूर सोडणाऱ्या, व्हॉल्व्हचा गॅप मोठा निघाला. मला स्वतःचाच राग आला, कारण गॅप मी सेट केला होता. पुन्हा सेट केला, लॉक नट आवळला, आणि स्क्रूवर, नटवर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली. हललं तर कळावं म्हणून.

इंजिन लावलं. शिवणाच्या मशीनसारखं गोड चाललं. अण्णा उठून उभे राहिले. चहा येईपर्यंत पुन्हा टिकटिक.

बालाजी म्हणाला, "जाऊ द्या मिस्त्री. तुमी बी काय करणार? गाडीच म्हातारी झाली."

"गाडी म्हातारी झालीय, मी नाही झालो. गप बस."

पुन्हा कव्हर काढलं. गॅप वाढलेला. पण पांढरी रेघ जागच्या जागी. इथं माझं डोकं चालू लागलं. स्क्रू हलला नाही आणि तरी गॅप वाढला, तर मधलं काहीतरी लहान होत असलं पाहिजे. स्क्रू फिरवून आवाज आणखी दहा वेळा बंद करता आला असता. तसं करून गाडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारे आहेत. मी त्यातला नाही.

लहान काय होतंय? रॉकरचं टोक पाहिलं, गुळगुळीत. मग उरला कॅम. कॅमचा उंचवटा झिजत असेल तर त्याचा लोखंडी चुरा साऱ्या इंजिनात फिरलेला असणार आणि सगळं पुन्हा खोलावं लागणार. बालाजी त्याला तयार होणार नाही, हे मला ठाऊक होतं.

रॉकर सोडवून पुश रॉड वर ओढली. काचेवर लोळवली, सरळ होती. पण तिच्या खालच्या टोकाला चिखल चिकटला होता, तांबूस. मी चुंबक लावलं. चिकटेना.

"लोखंड न्हाय हे!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की बालाजीच्या हातातला कप हिंदकळला. लोखंड नाही म्हणजे कॅम शाबूत.

एका वेगळ्या सळईच्या टोकाला ग्रीस लावून ती भोकातून खाली सोडली आणि वाटीच्या तळातलं सगळं खरवडून वर घेतलं. फडक्यावर पुसलं. त्या चिखलात अर्धा दाणा अजून शाबूत होता. तांदळाचा. कुंकवात माखलेला.

मला उलगडायला वेळ लागला नाही. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, बसवून आम्ही जेवायला गेलो होतो. पुश रॉड अजून टाकायच्या होत्या, त्यांची भोकं उघडी होती. हेडवर फडकं झाकलेलं होतं. गॅरेजात कोण बसलं होतं, तेही आठवलं. पण बाकाकडे बघायचा धीर मला होईना.

"म्याच टाकल्या अक्षता," अण्णा म्हणाले. "भैरवनाथाच्या पायाच्या हायेत. म्हटलं, वरून तर समदेच पूजा करत्यात. गाडीच्या काळजाजवळ टाकाव्या. फडकं परत झाकलं व्हतं म्या."

दाणा वाटीत पडला, त्याच्यावर रॉड बसली. गॅप मी दाण्यासकट सेट केला. इंजिन फिरलं, दाण्याचं पीठ झालं आणि तेलाबरोबर थोडं थोडं निघून गेलं. जेवढं पीठ गेलं, तेवढा गॅप वाढला.

बालाजीने कप खाली ठेवला. मला वाटलं, आता भडकणार. म्हातारा बाकावर मान खाली घालून बसला होता.

"अण्णा," बालाजी म्हणाला, "इतका जीव हाय व्हय गाडीत? मला सांगायचं तरी. म्या तर तुमचा नुसता हट्ट समजत व्हतो."

मी सगळ्या रॉड काढल्या. पहिल्या सिलिंडरच्या वाटीत कडेला, रॉडखाली न आलेला, आणखी एक दाणा सापडला. तेलाची चेंबर उतरवली, जाळी धुतली, ऑइल नवं टाकलं, सगळे गॅप पुन्हा सेट केले. इंजिन लावलं आणि आम्ही तिघं जेवून आलो, तरी ते चालूच होतं. आवाज नाही. इंजिन बंद करून गॅप मोजला, जसा ठेवला तसाच.

खरं सांगतो, त्या दिवशी मला माझाच अभिमान वाटला. हेड बांधणारे पुष्कळ आहेत. न हललेल्या स्क्रूवरून वाटीतला तांदूळ गाठणारा दाखवा एखादा.

तेवढ्यात बालाजीचा फोन वाजला. भंगारवाला होता, उद्या किती वाजता येऊ म्हणून विचारत होता.

"येऊ नगा," बालाजी म्हणाला. "गाडी इकायची न्हाय."

अण्णांनी पंच्याने डोळे पुसले आणि केबिनच्या दारावर हात ठेवून उभे राहिले.

तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे. हेड उघडं असताना पूजा नाही, नारळ फोडायचा तो इंजिन झाकल्यावर बंपरपुढं. मी सांगितलं की लोकांना वाटतं, मिस्त्री देव मानत नाही. म्हणून आता अण्णा भूमच्या बाजाराला आले की गॅरेजात डोकावतात आणि इंजिन उघडं दिसलं की मालकाला आधीच दटावतात, "खिशात अक्षता असतील तर लांब बसा." त्यांचं मात्र लोक ऐकतात.