चौथी खुर्ची आणि चंदाबाई

चंदाबाई भरडखोलची. गेली तीस वर्षं ती दिवेआगरला आमच्या आळीत मासे देते. वय अठ्ठावन्न, असं ती म्हणते, आणि गेली चार वर्षं तेच म्हणते. चक्रीवादळात तिच्या घरावरचे पत्रे गेले, तरी तिसऱ्या दिवशी आडव्या पडलेल्या पोफळी ओलांडत ती सुक्या जवळ्याची पाटी घेऊन दारात हजर होती. आम्ही घाबरून घरात बसलो होतो आणि ही विचारत होती, अर्धा किलो देऊ की पाव.

एवढ्या वर्षांत ती शेजारच्या विनिताच्या होमस्टेच्या पुढच्या ओटीवर कधी आली नव्हती. मासे मागच्या दारी. पाटी टेकवायला विनिता जमिनीवर वर्तमानपत्र पसरायची, चंदाबाई पायरीवर बसायची, आणि घासाघीस मी करायचो, कारण त्यात माझ्याइतकं चिवट आळीत कोणी नाही असा माझा समज होता.

पुढच्या ओटीवर दर गुरुवारी चार वाजता आमचं ब्रिज चालायचं. आम्ही म्हणजे विनिता, सुपारीच्या वाडीवाला अनंता आणि मी. मी तालुक्याच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. ब्रिज मी अलिबागला नोकरीत असताना शिकलो. बेचाळीस वर्षं खेळतोय. अनंताला अजून पानं मोजता येत नाहीत, पण तो मुद्दा वेगळा.

ब्रिजला चौघं लागतात, समोरासमोरची दोघं दोघं जोडीदार. आमचा चौथा गडी मुलीकडे नाशिकला राहायला गेला, तेव्हा आम्ही फोनवरच्या ॲपमध्ये खेळायला लागलो. तिघं आपापल्या फोनवर आणि चौथ्या जागी ॲपमधला रोबो. चौथी खुर्ची रिकामी बघवत नाही म्हणून विनिताने तिच्यावर उशी ठेवून एक जुना टॅब उभा केला. रोबो त्यातूनच खेळायचा. विनिता त्याच्यासमोर कधीमधी लिंबू सरबतही ठेवायची. ते शेवटी अनंता प्यायचा.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी चंदाबाई आदल्या दिवशीचा विसरलेला कोयता न्यायला आली आणि चुकून पुढून आली.

"यो कोन?" टॅबकडे बघत तिने विचारलं.

"आमचा चौथा. रोबो आहे," विनिता म्हणाली.

"मानूस न्हाय?"

"नाही."

"मंग त्याला खुर्ची कशाला?"

आणि लगेच ती म्हणाली, "मला बसवा की. आमी बी खेळतो पत्ते. तीनशेचार येतो, मेंढीकोट येतो."

आम्ही तिघंही हसलो. मी सगळ्यात जास्त हसलो. हा मेंढीकोट नव्हे चंदाबाई, म्हटलं, याला वर्षं घालवावी लागतात.

"तुमची किती गेली?"

"बेचाळीस."

"आनि आज कोन जिंकला?"

त्या दिवशी रोबो आणि अनंता जिंकले होते. माझं डोकं आधीच फिरलेलं, त्यात अनंता खिदळला. मी म्हणून बसलो, "जुलैअखेर ये. या रोबोला जोडीला घे आणि मला नि अनंताला हरवून दाखव. खुर्ची तुझी."

"ताई, तुमी ऐकलाव ना?" चंदाबाई विनिताला म्हणाली, आणि कोयता घेऊन गेली.

मला वाटलं, विसरेल. पण जूनमध्ये मासेमारी बंद झाली, होड्या किनाऱ्यावर चढल्या आणि चंदाबाईला दुपारी वेळच वेळ मिळाला. सून मृणालीने तिच्या फोनवर ॲप घालून दिलं. सुके बोंबील द्यायच्या निमित्ताने ती मागच्या पायरीवर बसून मला शंका विचारायला लागली, आणि मला शिकवायची खोड असल्यामुळे मी सांगत गेलो. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. आपल्या जोडीचे सहाच्या वर किती हात होतील ते आळीपाळीने बोलायचं, आणि त्या बोलण्यातून आपल्याकडे काय आहे ते समोरच्या जोडीदाराला कळवायचं. जास्त बोलतो त्याचा डाव. मग त्याच्या जोडीदाराची पानं उघडी पडतात आणि दोन्हीकडची तो एकटाच खेळतो.

आठवड्याभराने ती तणतणत आली.

"तुमचा रोबो येडा हाय. माझ्या हातात तीन एक्के, आनि ह्यो येकावरच अडून ऱ्हायला."

मी तिचा डाव उघडून पाहिला. हातात एकोणीस गुण. बाई फक्त 'एक किलवर' एवढंच बोलली होती. रोबोने नियमाप्रमाणे 'एक बदाम' म्हणून पुढे विचारलं, तर ही पास. असे एक नाही, तीस डाव.

"अगं, एवढं असून बोलली का नाहीस?"

चंदाबाईने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "भाऊसायेब, बंदरावर लिलावाला उभी ऱ्हाते मी. मला कुठली पाटी हवी ते पयल्याच बोलीला दाखवलं तर भाव चढंल ना."

मी इतका हसलो की विनिता पाणी घेऊन आली. मग समजावलं, की इथे समोरचा आपला माणूस असतो, त्याला खरं काय ते सगळं सांगायचं.

"आनि बाजूच्या दोघांना पन ऐकू जातं?"

"जातं."

"म्हंजे आपल्या पाटीत काय हाय ते भर बंदरावर वरडून सांगायचं."

"तसंच."

"आनि ह्यो शान्या मानसांचा खेळ," ती म्हणाली, आणि बोंबलाचे पैसे घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात उलटंच. हातात सहा गुण आणि बाईची उडी थेट 'तीन बिनहुकमी'वर, म्हणजे हुकमाशिवाय नऊ हातांवर. का, तर विकताना असंच बोलायचं असतं. रोबोने ते खरं मानलं, आपले गुण मिळवले आणि सहावर गेला. पाच हातांनी बुडाले. यावर मी हसणार होतो, पण ती पायरीवर बसून तोच डाव पुन्हा पुन्हा बघत होती.

"तो कायच बोलला न्हाय मला," ती म्हणाली. "शिवी न्हाय, कायच न्हाय. पुढल्या डावाला परत माझं ऐकला. भाऊसायेब, मी सांगितलं आनि तो सहापर्यंत गेला. आमचा घरवाला माझ्या शब्दावर कधी तळ्यापर्यंत गेला न्हाय."

"तो मशीन आहे, चंदाबाई."

"असंल. पन त्याला परत बुडवायचा न्हाय मला."

त्यानंतर तिने शंका विचारणं बंद केलं. मला ते बरं लक्षण वाटलं. आता वाटतं, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

जुलैच्या शेवटच्या गुरुवारी ती पुढून आली, धुतलेलं लुगडं नेसून, फोन पिशवीत गुंडाळून. विनिता पंच. आठ डाव. तिच्यासाठी घरातलं स्टूल आणलं, कारण खुर्ची अजून जिंकायची होती. समोरच्या खुर्चीवर उशीला टेकून तिचा जोडीदार.

पहिले सात डाव सांगण्यासारखे नाहीत. आम्ही पुढे होतो, पण फार नाही, कारण अनंताने दोनदा घोळ घातला. चंदाबाई तंतोतंत बोलत होती. सहा असले की सहाचं, बारा असले की बाराचं. मध्येमध्ये टॅबकडे बघून मान हलवायची.

आठव्या डावात तिने 'एक इस्पिक' म्हटलं. रोबोने साथ दिली. ती आणखी बोलली. रोबोने तिला एक्के विचारले, तिने दोन आहेत म्हणून सांगितलं, आणि रोबो सरळ 'सहा इस्पिक'वर गेला. म्हणजे तेरापैकी बारा हात करायचे. एकच हात गमावायची मुभा.

"बघा," ती विनिताला म्हणाली, "परत गेला."

माझ्याकडे बदामचा एक्का होता आणि चौकटची राणी. मी रागाने डबल केलं, म्हणजे हार-जीत दुप्पट, आणि एक्का खेळलो. पहिला हात आमचा. आता तिने आणखी एकच गमावला की संपलं.

रोबोची पानं उघडी झाली. बाकी सगळं तिच्याकडे होतं, प्रश्न फक्त चौकटचा. तिच्या हातात एक्का आणि गुलाम, रोबोकडे राजा आणि दहा. मधली राणी आमच्यापैकी कोणाकडे आहे एवढंच तिला माहीत नव्हतं. माझ्याकडे असेल तर एका बाजूने खेळायचं, अनंताकडे असेल तर दुसऱ्या. चुकीची बाजू धरली की राणी हात करणार. ब्रिज खेळणारे भलेभले इथे नाणं उडवल्यासारखं काहीतरी खेळून टाकतात.

चंदाबाईने घाई केली नाही. एकेक करून हुकूम काढले. मग फोन मांडीवर ठेवला आणि आधी अनंताकडे पाहिलं. अनंता बावळटासारखा तिच्याकडे बघत राहिला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा दगड असतो, कचेरीत त्याबद्दल मी प्रसिद्ध होतो. मी शांतपणे समोरच्या माडाचे नारळ मोजत होतो.

तिने चौकटचा गुलाम टाकला, माझ्यावरून. राणी टाकतो तर वरून राजा पडणार, नाही टाकत तर गुलामच हात करणार. मी छोटं पान टाकलं. गुलाम जिंकला. उरलेले सगळे हात तिचे.

विनिताने गुण वाचून दाखवायचीही गरज नव्हती. "राणी माझ्याकडे आहे हे कसं कळलं?" मी विचारलं.

"तीस वर्सं पापलेट हवं असलं की तुमी माडाकडं बघून बांगड्याचा भाव इचारता," ती म्हणाली.

अनंता हसता हसता खोकायला लागला. मला मात्र हसू आलं नाही, लाजच वाटली. हरलो म्हणून नव्हे. एप्रिलमध्ये मी सगळ्यात मोठ्याने हसलो होतो, ते आठवलं म्हणून. मी उठलो, चौथ्या खुर्चीवरचा टॅब उचलला, उशी झटकली आणि म्हटलं, "बसा, चंदाबाई." तिला अहोजाहो मी पहिल्यांदाच केलं.

ती बसली नाही. तिने माझ्या हातातून टॅब घेतला आणि पुन्हा उशीला टेकवून नीट उभा केला.

"ह्याला कशाला उठवता? ह्यो माझा जोडीदार. मी येक म्हनलं तर येक मानतो, दोन म्हनलं तर दोन. आनि तुमी? तीस वर्सं मी म्हनते ताजं हाय, तुमी कल्ला उचलून बघता." मग ती विनिताकडे वळली. "खुर्ची मी जिंकली ना ताई? मंग मी ह्याच्यासमोर बसनार. तुमच्यातला येक उठवा."

विनिताने माझ्याकडे पाहिलं. अनंतानेही माझ्याकडे पाहिलं, पानं मोजता न येणाऱ्या अनंताने. माझी खुर्ची टॅबच्या बरोबर समोर नव्हती, पण ती सरकवणं काही कठीण नव्हतं. विनिताने सरकवली.

मी खेळाबाहेर, स्टुलावर जाऊन बसलो. चंदाबाईने माझी खुर्ची पदराने पुसली, एकदा वरून, एकदा हातांवरून. मग ऐसपैस बसली, फोन हातात घेतला आणि टॅबला म्हणाली, "हां, बोल."