सांधा पुरा होईपर्यंत

ती बातमी घेऊन माझी नणंद वत्सला दुकानाच्या दारात आली, तेव्हा माझ्या तोंडावर वेल्डिंगचं हेल्मेट होतं. तिने हाक मारली नाही. उजेडाकडे पाठ करून, डोळ्यांवर पदर धरून ती उभी राहिली, कारण तिच्या भावाने घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की सांधा अर्ध्यात असताना सुनंदाला हाक मारायची नाही. मी सांधा पुरा केला, काच वर केली, तेव्हा ती दिसली. "वहिनी, दादा गेला," एवढंच म्हणाली. घर दुकानाच्या मागेच आहे, मधे जांबाचं झाड आणि हातपंप. तेवढं अंतर मी कशी चालले ते आठवत नाही. त्यांच्या कपाळाला हात लावला तेव्हा कळलं की हातमोजा काढायचा राहिला आहे... तो काढून पुन्हा हात लावला. कपाळ अजून कोमट होतं.

मनोहर, माझे यजमान, तुमसरला फॅब्रिकेशनचं दुकान चालवायचे. गेट, खिडक्या, राइस मिलची कामं सगळेच करतात, पण लांबून लोक यायचे ते त्यांच्या एका कामासाठी. लग्नाआधी ते पुण्याकडे एका वर्कशॉपमध्ये होते. तिथे शर्यतीच्या गाड्यांचे टर्बो मॅनिफोल्ड स्टेनलेस स्टीलचे बनत. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाला बोल्टने जोडलेला नळ्यांचा जुडगा. चार सिलिंडरचा धूर चार नळ्यांतून येतो, एका तोंडाशी मिळतो, आणि त्या तोंडावर टर्बो बसतो, म्हणजे त्याच धुराच्या जोराने फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा. आमच्याकडे शर्यतीच्या गाड्या कुठल्या? पण धान कापणारे जुने हार्वेस्टर खूप. त्यांचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, मॅनिफोल्ड उष्णतेने तडकतात, आणि जुन्या मशीनला नवा भाग मिळत नाही. मनोहर तो स्टीलचा बनवून देत. ऐन कापणीत मशीन उभी राहिली की लोक आमच्याच दारात येत.

आधी त्यांच्या हातातून सळई सुटायला लागली. मग शर्टाची बटणं लागेनात. नागपूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या झाल्यावर सांगितलं, की मज्जातंतूंचा आजार आहे, औषध नाही. हात जातील, मग पाय, मग बोलणं, गिळणं, आणि शेवटी श्वास. बुद्धी मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील. हे डॉक्टरांनी दिलाशासारखं सांगितलं... परतीच्या बसमध्ये मनोहर खिडकीबाहेर बघत होते. मी पदराआड रडत होते. कारध्याचा पूल ओलांडल्यावर ते म्हणाले, "सुनंदा, उद्यापासून तू दुकानात ये."

"कायले?"

"शिकवतो. बोलणं आहे तोवर शिकवतो."

मला वाटलं, धक्क्याने काहीतरी बोलताहेत. मी शिवणकाम करणारी बाई, वेल्डिंगचा उजेड लागला तरी डोळे चुरचुरणारी. मी म्हटलं, दुकान विकून टाकू, मी तुमच्याजवळ बसते. तेव्हा ते चिडले. "विकून? अन मंग? मी गेल्यावर तू अन पोरगी काय करसान?" आमची प्राची तेव्हा नागपूरला नर्सिंग शिकत होती. बसमधले लोक वळून बघायला लागले. दुसऱ्या दिवशी गेले दुकानात.

सुरुवातीचे महिने नुसतं भंगार केलं मी. नळीचा वाकडा तुकडा दुसऱ्याला असा घासून बसवायचा, की उजेडापुढे धरला तर फटीतून किरण दिसू नये. मग आर्गन गॅसवर सांधा. एका हातात वेल्डिंगचा टॉर्च, त्यात टंगस्टनची सुई, दुसऱ्या हातात सळई. सुई धातूला टेकली की खराब, पुन्हा घासून टोक काढा. माझी सुई सारखी टेकायची. नळीच्या आतही आर्गन भरावा लागतो. नाही भरला तर सांधा बाहेरून सोनेरी दिसतो आणि आतून काळा, दाणेदार होतो. ते दाणे सुटून टर्बोच्या पंख्यात गेले की टर्बो संपला. हे सगळं ते खुर्चीत बसून, दोन्ही हात मांडीवर मेल्यासारखे पडलेले, सांगत राहायचे. "हळू. पुढं चाल. आता सळई दे. काहून थांबली? जळून राहिली ना नळी."

"मले नाही जमत जी."

"जमवाच लागते तुले."

एकदा सलग तीन तुकडे मी जाळले. ते एकदम उठले आणि म्हणाले, "आण इकडं." दोन्ही पंज्यांमध्ये त्यांनी टॉर्च धरला. धरला कसला, दोन लाकडांत अडकवावा तसा अडकवला. दंड थरथरायला लागले, टॉर्च खाली पडला, त्याच्या तोंडावरचं चिनी मातीचं टोपण फुटलं. ते तसेच जमिनीवर बसले. एवढा मोठा माणूस, ओठ दाबून रडत होता, आणि डोळे पुसायला हात वर येत नव्हता. मी पुसले. त्या क्षणी मला या कामाचा, या स्टीलचा, आजाराचा, त्यांचासुद्धा इतका राग आला होता... कुणावर काढणार? मी नवं टोपण बसवलं आणि चौथा तुकडा हातात घेतला.

हळूहळू हात बसला. आणि जसजसा माझा हात बसत गेला तसतसं त्यांचं बोलणं जड होत गेलं. आधी लांब वाक्यं गेली. मग बाहेरच्यांना त्यांचं बोलणं कळेना, मी उलगडून सांगायचे. मग "हळू", "चाल", "थांब" असे मोजके शब्द उरले. मी घाईघाईने विचारून घ्यायचे. हे कसं, ते कसं, असं झालं तर काय करायचं. रात्री अंथरुणावर पडलं की वाटायचं, अजून किती विचारायचं राहिलं आहे. नवराबायको म्हणून काही बोलावं, तर तेवढी ताकद मी त्यांना कामाच्या प्रश्नांत खर्च करायला लावत होते. त्यांनाही तेच हवं होतं. पण मला अजून त्याचं वाईट वाटतं.

सिहोऱ्याचे लीलाधरभाऊ हार्वेस्टरवाले. त्यांचा मॅनिफोल्ड मी एकटीच्या हाताने बनवला तो पहिला. वाकू नये म्हणून जाड पट्टीवर बोल्टने आवळून, चारी नळ्या जोडून, पूर्ण थंड होईपर्यंत बोल्ट न काढता. मनोहरांनी प्रत्येक सांधा बघितला आणि मान हलवली. मशीन बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतांत, उतरली. थोडेच दिवस झाले, आणि एका दुपारी लीलाधरभाऊ तोच मॅनिफोल्ड पोत्यात गुंडाळून घेऊन आले. मधली एक नळी तुटली होती. बाहेर आभाळ काळं झालं होतं.

"वहिनी, मशीन बांधीत उभी हाय," ते म्हणाले. "धान पिकून लोळून राहिला. लोकं माह्या अंगणात येऊन बसले. पाणी आला तर जागेवर कोंब फुटतीन." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

मी तो तुकडा मनोहरांच्या डोळ्यांपुढे धरला. मधल्या थोड्या दिवसांत त्यांचे ते तीन शब्दही गेले होते. मी विचारायचे आणि त्यांनी डोळे मिटले तर हो, उघडे ठेवले तर नाही. "आतून आर्गन कमी पडला?" नाही. "सळई चुकली?" नाही. "गरमी जास्त झाली?" नाही. ते तुकड्याकडे बघतच नव्हते, लीलाधरभाऊंकडे बघत होते. मला काही केल्या कळेना. मी त्यांच्यावर ओरडले, "सांगा ना जी, काय झालं ते." त्यांच्या घशातून नुसता घरघर आवाज आला, डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग पुन्हा तुकडा हातात घेऊन बघितला. सांधा तुटला नव्हता. सांध्याच्या शेजारी, नळीच्या वरच्या अंगाने चीर सुरू झाली होती, वजनाने खाली ओढल्यासारखी. मनोहर त्यांच्याकडे का बघत होते ते तेव्हा उमगलं, आणि मी लीलाधरभाऊंकडे मशीनचा फोटो मागितला. त्यांच्या मोबाइलवर होता. जड टर्बो नुसत्या मॅनिफोल्डच्या आधाराने अधांतरी लटकत होता. बिडाचा जाड मॅनिफोल्ड तो भार सोसत होता, स्टीलच्या पातळ नळ्यांना ते जमणारं नव्हतं.

"खालून टेकू पायजे?" मी विचारलं.

मनोहरांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

तुटलेली नळी कापून मी नवी बसवली, इंजिनापासून टर्बोखाली येणारा टेकू बनवला. त्या दिवशी पहिल्यांदा सांधा मारताना मागून काहीच आवाज नव्हता. हळू नाही, चाल नाही. मधेच मला भीती वाटली की ते आहेत ना... पण थांबता येत नव्हतं. सांधा पुरा करूनच वळले. ते माझ्याकडेच बघत होते.

मॅनिफोल्ड टिकला. गावातला बराच धान पावसाआधी निघाला. लीलाधरभाऊंची स्वतःची खोलगट बांधी मात्र शेवटी राहिली आणि पाण्यात गेली. तरी ते नव्या तांदळाची पिशवी घेऊन आले. मनोहरांना तेव्हा घास गिळता येत नव्हता. मी पातळ पेज केली, चमच्याच्या टोकाने जिभेला लावली. नव्या तांदळाचा वास त्यांना आला असावा. त्यानंतर त्यांना दुकानात आणणं झालं नाही. ते घरात पडून राहायचे, खिडकीतून मशीनचा आवाज ऐकायचे. मी मशीन बंद करून जवळ बसायला गेले, की डोळे उघडे ठेवून दुकानाच्या दिशेने बघत राहायचे. नजरेनेच जा म्हणायचे. म्हणून ते गेले त्या दिवशीही मी दुकानातच होते.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले, प्राची हॉस्पिटलच्या ड्युटीवर परतली. मी दुकान उघडलं. टेबलाला एक आरसा जोडलेला आहे, मोटरसायकलचा, लांब सळईवर वेल्ड केलेला. मनोहरांची मान वळेनाशी झाली तेव्हा नळीच्या मागची बाजू त्यांना खुर्चीतून दिसावी म्हणून मीच तो लावला होता. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, हा आरसा उलटा लागून राहिला. तुमाले यातून काय दिसते?" मी म्हटलं, असू द्या. माझ्या जागेवरून बघितलं तर त्यात फक्त त्यांची रिकामी खुर्ची दिसते. एकेक सांधा झाला की मी काच वर करते, नळी फिरवून आरशापुढे धरते, आणि थोडा वेळ थांबते.