सासूबाईंच्या चित्रावरचा निळा फटकारा

भावसिंगपुऱ्यात रत्नमालाला सगळे ‘ड्रॉइंगच्या मॅडम’ म्हणत. जलरंगात तिनं हयात घातली होती. ओल्या कागदावर रंग कधी सोडायचा, कुठं हात आवरायचा, हे कळेपर्यंत तिनं ढिगानं कागद फाडले होते.

धाकटी जाऊ संध्या शेंद्र्याच्या एका कंपनीत ऑफिसात कामाला. तिनं गंमत म्हणून टॅबलेट घेतला आणि त्यातल्या जलरंगाच्या ब्रशनं चित्रं काढायला लागली. पेन टेकवलं की पडद्यावर रंग फुलायचा, कडेला गडद व्हायचा, कागदाचा खरखरीतपणासुद्धा उमटायचा. चुकलं की दोन बोटं टेकवायची, चूक गायब! नातेवाइकांच्या ग्रुपवर नुसती वाहवा.

“पाण्यात हात न घालता जलरंग! मशीनची करामत सगळी,” रत्नमाला नवऱ्याला म्हणाली.

“पण छान दिसतंय की,” अतुल म्हणाला. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

मग संध्यानं सासूचं, चंपाबाईंचं चित्र काढायला घेतलं. थोरल्या सुनेपुढं बसायला ज्यांना कधी सवड झाली नव्हती, त्या चंपाबाई धाकटीपुढं नवं लुगडं नेसून बसल्या.

एका सकाळी संध्या आंघोळीला गेली होती. टॅबलेट पलंगावर उघडाच. खोट काढायला म्हणून रत्नमाला वाकली. पण खोट सापडेना. सुरकुत्यांत रंग असा झिरपला होता, जसा तिच्या स्वतःच्या हातून क्वचितच झिरपला असेल. तिनं पेन उचललं, ब्रश मोठा केला आणि सासूच्या तोंडावरून निळा रंग ओढला. मग घाबरून चित्र बंद केलं आणि टॅबलेट उपडा ठेवला.

रविवारी सगळे जमले तेव्हा चित्र पुरं झालं होतं, चेहरा लखलखीत.

“चित्र कसं घडलं ते बी दिसतं यात,” म्हणत संध्याच्या नवऱ्यानं, सम्यकनं, ते टीव्हीवर लावलं. सॉफ्टवेअर एकेक फटकारा ध्यानात ठेवतं, हे रत्नमालाला ठाऊकच नव्हतं. भरभर कपाळ उमटलं, डोळे उमटले, आणि वरून निळा पट्टा सरकन खाली आला.

“आगं बया! माझं तोंड कुणी रंगवलं गं असं?” चंपाबाई ओरडल्या.

संध्यानं एकदाच जावेकडं पाहिलं. “माझाच हात घसरला, आत्या. चित्र एकदा बंद झालं की दोन बोटांनी चूक जात नाही, मग परत काढला चेहरा.”

“व्हय का? लई झाक झाला पण.”

चहाचं निमित्त करून रत्नमाला आत गेली. लाज वाटत होतीच. पण त्याहून जास्त जळत होतं. आता मनाचा मोठेपणाही धाकटीच्याच पदरात!

संध्या टॅबलेट घेऊन मागोमाग आली. “ताई, चित्रातला कान अजून खटकतोय मला. बघता का जरा?”

नाही म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तरी पदराला हात पुसून तिनं पेन धरलं. कानामागची सावली तिनं फिकी करत करत केसांत नेऊन सोडली. कान जिवंत झाला.

संध्याकाळी चित्र ग्रुपवर गेलं. “संध्या, कान तर काय सुरेख काढलाय!” असं वैजापूरच्या मावशींनी लिहिलं. रत्नमालानं ते दोनदा वाचलं आणि फोन उशीखाली सारला.